झोंगशान बागेतली चेरी

चिंगदाओ : एप्रिलमध्ये चेरी बहरली की इथल्या झोंगशान बागेत पाय ठेवायला जागा उरत नाही. ही चेरी जपान्यांची. १८९८ मध्ये जर्मनीने हा किनारा चीनकडून ९९ वर्षांच्या पट्ट्याने घेतला आणि बागेच्या जागी रोपवाटिका उभी केली. १९१४ मध्ये जपानने शहर जिंकून तिथे चेरीच्या रांगा लावल्या. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाच्या वाटाघाटींत जर्मनीचे या शांतुंग प्रांतातले हक्क चीनला न देता जपानच्या पदरात टाकायचं ठरलं, आणि ४ मे १९१९ रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. आधुनिक चिनी राष्ट्रवादाची ठिणगी ज्या अपमानातून पडली, त्याच अपमानाच्या काळातली ही झाडं. तरी १९२२ मध्ये शहर परत मिळाल्यावर ती राखली गेली. १९२९ मध्ये बागेला चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत्-सेन यांचं ‘झोंगशान’ हे नाव तेवढं दिलं. परक्यांनी मागे ठेवलेली वस्तू उपयोगी असेल तर ठेवायची, मालकी मात्र ठणकावून सांगायची, ही इथली रीत. १९०३ मध्ये जर्मन आणि ब्रिटिशांनी काढलेल्या बिअरच्या कारखान्याचंही तेच झालं. आज ती बिअर शहराचा अभिमान आहे.

याला कोणी निव्वळ आळस म्हणेल : झाडं होती, राहिली. पण ही चेरी काही वडासारखी शतकं काढत नाही. साठ-सत्तर वर्षांत थकते. म्हणजे आजच्या रांगा टिकवायला कोणीतरी जाणूनबुजून नवी रोपं लावली आहेत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार : लोक इतिहास विसरले असतील. तसंही दिसत नाही. याच शहरात ४ मेच्या नावाचा चौक आहे आणि त्यात ज्वाळेसारखं भलंमोठं लाल शिल्प. जपानविषयीचा राग तर आजही चटकन पेटतो. वुहान विद्यापीठातल्या चेरीचा उगमही जपानी लष्करी ताब्यातला, १९३९ चा. तिथे २००९ मध्ये किमोनो घालून फोटो काढणाऱ्या मायलेकींना विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून हुसकावलं. ते बरं झालं असं मुळीच नाही. पण राग पोशाखावर निघाला, झाडांवर नाही.

सरकारच्या मर्जीपुढे लोकांच्या निवडीला काय अर्थ, हा प्रश्न उरतोच, आणि चीनबाबत तो विचारायलाच हवा. पण वुहानमध्ये ओरडणारे पोलीस नव्हते, आणि चिंगदाओत दर वसंतात लोटणाऱ्या गर्दीलाही कोणी फर्मान काढून बोलावत नाही.