सातबाऱ्यावर पेद्रू, शाळेत पीटर, चर्चमध्ये पेत्रुस : वसईतले पणजोबा शोधायचे कसे?

समजा, तुमचं घर वसईत आहे. वाडीच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचंच नाव आहे आणि आता जागेचं काहीतरी करायची वेळ आलीय. वारस नोंदीसाठी तुम्ही तलाठी कार्यालयात जाता. (पदाचं नाव आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालंय, पण सगळ्यांच्या तोंडी अजून तलाठीच.) तिथे पहिला प्रश्न येतो, हे कोण? तुम्ही सांगता, आमचे पणजोबा. दुसरा प्रश्न, कशावरून?

इथून खरी गंमत सुरू होते. सातबारा म्हणतो 'पेद्रू जुजे'. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव 'पीटर'. चर्चच्या रजिस्टरमध्ये 'पेत्रुस'. आणि घरातली ऐंशी वर्षांची आत्या सांगते, "छे, त्यांना तर सगळे पास्कू म्हणायचे."

हा माणूस एक की चार?

पेद्रू, पीटर आणि पेत्रुस ही एकाच नावाची तीन रूपं. पोर्तुगीज, इंग्रजी आणि लॅटिन. तसंच जुजे म्हणजे जोसेफ, जुवांव म्हणजे जॉन, इनास म्हणजे इग्नेशियस, मनवेल म्हणजे इमॅन्युएल. जुनी रजिस्टरं लॅटिनमध्ये असली तर आणखी एक गोची असते. लॅटिनमध्ये विभक्तीनुसार नावाचा शेवट बदलतो. 'पेत्रुस' म्हणजे पीटर आणि 'पेत्री' म्हणजे पीटरचा. आपण 'मोहन' आणि 'मोहनचा' ही दोन माणसं समजत नाही, पण रजिस्टर वाचताना 'पेत्री' हा वेगळाच कोणीतरी समजून पान उलटणारे खूप असतात.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हे होतं. उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठीत 'दिब्रिटो' आणि इंग्रजीत 'डिब्रिटो'. त्यांना सगळे ओळखत होते म्हणून अडलं नाही. तुमच्या पणजोबांना ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही.

'पास्कू' मात्र यात बसत नाही. पास्कू हे 'पास्कोल'चं रूप, म्हणजे सरळसरळ वेगळं नाव. एक तर ते घरातलं हाक मारायचं नाव असेल, नाहीतर आत्या पणजोबांच्या भावाबद्दल बोलत असेल. त्याकडे शेवटी येऊ.

कागद कुणी लिहिला?

नोंदी जुळत नाहीत म्हटल्यावर आपण ठरवायला बघतो की खरी कोणती आणि खोटी कोणती. त्याआधी विचारायचं, हा कागद कुणी, कधी आणि कशासाठी लिहिला?

शाळेचं जनरल रजिस्टर मास्तरांनी लिहिलं, मुलाला पहिलीत घेण्यासाठी. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून महाराष्ट्रात एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. त्या तारखेवर फार विसंबू नका. पण मूल कोणत्या गावच्या शाळेत, साधारण कोणत्या वर्षी आलं, हे त्यातून कळतं.

जन्म-मृत्यूची गाव पातळीवरची जुनी नोंद म्हणजे गाव नमुना १४, लोकांच्या भाषेत कोतवाल बुक. ते बऱ्याचदा मोडीत असतं, आणि बाळाचं नाव तिथे नसतंच. 'अमक्यास मुलगा' एवढंच. कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. तीन मुलगे असले तर कोणता कोणता, हे तारखेवरून जुळवत बसायचं.

सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद. शेतसारा कुणाकडून घ्यायचा, हा त्यांचा मूळ प्रश्न. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याआधीचा पूर्वज या कागदांत शोधला तर हाताला फारसं काही लागणार नाही. नंतरचाही मालकाच्या रकान्यात दिसेलच असं नाही. तो दुसऱ्याची जमीन कसत असेल तर 'इतर हक्क' या रकान्यात कूळ म्हणून असतो. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषक दिन. त्यानंतर कुळांच्या जमिनी नावावर व्हायला लागल्या. त्यामुळे १९६० च्या आसपास पणजोबा अचानक मालक म्हणून उगवले, तर ते त्या वर्षी गावात आले असा अर्थ काढू नका. ते आधीपासून शेजारच्या रकान्यात बसलेले असू शकतात.

चर्चचं रजिस्टर सगळ्यात बोलकं. स्नानसंस्काराच्या नोंदीत बाळाचं नाव, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता. आणि समास जरूर बघा. व्हॅटिकनने १९०८ पासून लागू केलेल्या नियमानुसार माणसाचं लग्न झालं की त्याच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी त्याची टीप लिहायची. म्हणजे लग्न दुसऱ्या गावात झालं असेल तरी धागा तिथून पुढे जातो. लोक दाखला मागतात, छापील फॉर्मवर मिळालेला घेऊन निघतात, आणि समासातली ओळ तिथेच राहते.

एका नावाचे दोन पणजोबा

आता खरा खड्डा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. जुजेचा मुलगा पेद्रू, पेद्रूचा मुलगा जुजे, त्या जुजेचा मुलगा पुन्हा पेद्रू. नावापुढे बापाचं नाव लावलं की आजोबा 'पेद्रू जुजे' आणि नातूही 'पेद्रू जुजे'.

समजा, १९१५ च्या फेरफारात पेद्रू जुजे आहे आणि १९५७ च्या कुळाच्या नोंदीतही पेद्रू जुजे आहे. बेचाळीस वर्षांचं अंतर, एकच माणूस असू शकतो. पण आजोबा आणि नातूही असू शकतात. दुसरं खरं असेल तर मधल्या जुजेच्या सगळ्या भावंडांची पिढीच तुमच्या वंशावळीतून गळाली. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत. गळालेल्यांमध्ये लग्न होऊन गेलेल्या बहिणी असल्या, तर त्यांची नातवंडं उद्या हिस्सा मागायला आली की ते बरोबरच असेल. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही. तो महसुली कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही.

हे कोडं पुरुषांच्या नावांनी सुटत नाही, बायकांच्या नावांनी सुटतं. पेद्रू जुजेच्या मुलांच्या स्नानसंस्काराच्या नोंदी काढा आणि आईचं नाव बघा. एकीकडे मारिया, दुसरीकडे इसाबेल? मग दोन पेद्रू असण्याची शक्यता वाढली. पण लगेच शिक्कामोर्तब करू नका. मारिया वारली आणि त्याच पेद्रूने इसाबेलशी लग्न केलं असेल. मृत्यूच्या रजिस्टरमध्ये मारिया शोधा, आणि इसाबेलच्या लग्नाच्या नोंदीत वर विधुर लिहिलाय का ते पाहा. महसुली कागदांत ही मारिया आणि इसाबेल कुठेच दिसत नाहीत. सरकारी कागदांवर आईचं नाव लावायचा नियम महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांसाठी आला. चर्चने ते आधीपासून लिहून ठेवलं, हे आपलं नशीब.

आडनाव पोर्तुगीज म्हणजे पूर्वज पोर्तुगीज?

व्हॉट्सअॅपवर हे हमखास फिरतं. गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत इथल्या अनेकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. बाप्तिस्मा घेताना आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीबाबांचं मिळायचं. म्हणून शेजारी राहणाऱ्या दोन लोपीस कुटुंबांचं एकमेकांशी काही नातं नसू शकतं, आणि दोन सख्ख्या भावांच्या वंशजांची आडनावं वेगळी असू शकतात. सामवेदी आणि वाडवळ समाजात तर हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही. बोली एक, गावं एक, आडनावं वेगळी.

गोंधळात भर घातली ती इंग्रजांनी. त्यांच्या जुन्या कागदांत इथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनाही 'पोर्तुगीज' म्हटलेलं सापडतं. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मधलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हाचं. म्हणजे पणजोबा एका कागदात पोर्तुगीज, दुसऱ्यात नेटिव्ह ख्रिश्चन आणि तिसऱ्यात ईस्ट इंडियन असले, तरी ते घरच्या ओट्यावरून हललेले नसतील.

त्यामुळे वसईत आडनावापेक्षा आळी आणि घराची ओळख जास्त कामाची. बावखलाजवळचे, विहिरीवरचे, अमक्या आळीचे. घरातल्या वयस्क माणसाकडून आधी हे काढून घ्या, कारण ते कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

कागद कुठल्या कपाटात?

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधीचं सगळं ठाणे जिल्हा, तेव्हा जुनं काही हवं असेल तर ठाण्याची फेरीही हिशेबात धरा. वसई-विरार महापालिका २००९ ची, त्याआधी नगरपरिषदा आणि ग्रामपंचायती. चर्चचंही तसंच. वसई धर्मप्रांत १९९८ चा, त्याआधी मुंबई, १९२८ च्या आधी दमण आणि १८८६ च्या आधी गोवा. मूळ रजिस्टर बहुधा धर्मग्रामातच असतं. पण पणजोबांच्या काळी तुमचं गाव कोणत्या चर्चखाली होतं, हे आधी विचारा. नंतर नवं चर्च झालं असेल तर जुन्या नोंदी जुन्याच चर्चमध्ये असतात. हिंदू घराण्यांसाठी त्र्यंबकेश्वर आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा आणखी एक दरवाजा. तिथेही आडनावासोबत मूळ गाव सांगावं लागतं.

आणि बिंबराजापर्यंत पोचायची घाई असलेल्यांसाठी एक गोष्ट. या किनाऱ्यावरच्या घराण्यांची कथा सांगणारी 'महिकावतीची बखर' वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापली. तिचा सर्वात जुना भाग १४४८ चा, बाकीची प्रकरणं वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. त्यामुळे एका ठिकाणी बिंब बाराव्या शतकात येतो, दुसरीकडे देवगिरीवर स्वारी झाल्यावर, म्हणजे दीडशे वर्षांनी. संत गोन्सालो गार्सिया वसईचे, १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाले. त्यांचं जन्मसाल कुणी १५५६ देतं, कुणी १५५७. तेव्हा तुमची रेघ १८८० च्या आसपास थांबली तर वाईट वाटून घेऊ नका. रिकामी जागा रिकामी ठेवा. अंदाजाने भरलेलं नाव पुढच्या पिढीत पुरावा म्हणून फिरायला लागतं.

राहिला पास्कू. आत्याला 'पणजोबांचं नाव काय' असं पुन्हा विचारू नका, ती पुन्हा पास्कूच सांगेल. तिला विचारा, पास्कूची बायको कोणत्या आळीतली होती? तिने मारियाचं माहेर सांगितलं तर पास्कू हे पेद्रूचंच हाक मारायचं नाव. तिसरंच माहेर निघालं तर तो बहुधा भाऊ, आणि सातबाऱ्याला आणखी एक वारस.