खिळा का वाकतो?

कोल्हापूरच्या टिंबर मार्केटमध्ये सुताराला चौकट जोडताना तुम्ही पाहिले असेल. देवदारात सरळ जाणारा खिळा बाभळीत चार ठोक्यांतच वाकतो. आपण हातोडीला दोष देतो. पण यात खिळ्याच्या लांबीचाही मोठा वाटा असतो.

बारीक दांड्यावर टोकाकडून दाब दिला, तर एका मर्यादेनंतर तो बाजूला वाकतो. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ साली याचे गणित मांडले. ही मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे लाकडाबाहेरचा भाग निम्मा झाला, की खिळा चौपट दाब सोसतो! म्हणून सुतार आधी गिरमिटाने खिळ्याहून किंचित बारीक भोक पाडतो. खिळा सुरुवातीलाच आत उतरतो, विरोधही कमी होतो.

भोक बारीकच का? बाजूला सारलेले तंतू खिळ्याला आवळून धरतात. त्या घर्षणावरच सारी पकड असते. भोक सैल झाले की चौकट खिळखिळी. आणि भोकच नसेल, तर टोकदार खिळा पाचरीसारखा तंतू फाकवतो. फळीच्या कडेजवळ तर लाकूड उभे चिरते. माझी एक चौकट अशी अगदी शेवटच्या खिळ्याला फुटली. टोक ठोकून बोथट केले असते, तर खिळ्याने तंतू फाकवण्याऐवजी तोडले असते.

बाभळीची आणखी एक गंमत. जिच्या सालीने कोल्हापुरी चपलेचे कातडे कमावतात, त्याच झाडाच्या लाकडातही टॅनिन असते. ओल्या बाभळीत लोखंडी खिळ्याभोवती निळसर काळा डाग पडतो. जुन्या काळची शाई याच रसायनाची! एखाद्या ओल्या ढलपीत खिळा ठोकून दोन दिवसांनी पाहा.