पातळ सोलचे बूट: भार जातो कुठे?

बूट तळहातावर घेतला, ‘अरे, किती हलका आहे हा!’ असं म्हटलं, दुकानदाराने मान डोलावली, की तो बूट ‘मिनिमलिस्ट’ ठरतो. पहिला घोळ इथेच होतो. आदिदासच्या ‘अ‍ॅडिझिरो अ‍ॅडिओस प्रो ईव्हो १’ या शर्यतीच्या बुटाचं वजन अवघं १३८ ग्रॅम. २०२३ मध्ये बर्लिनला टिगिस्ट असेफाने हाच बूट घालून २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत मॅरेथॉन संपवली आणि महिलांचा विश्वविक्रम केला. पण या बुटाचा सोल टाचेखाली जवळजवळ चार सेंटिमीटर जाड आहे. वजनाला हलका, तरी मिनिमलिस्टच्या बरोबर उलट्या टोकाचा.

मग मिनिमलिस्ट म्हणायचं कशाला? २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन याचं मोजमाप ठरवलं. त्यात पाच गोष्टींना गुण आहेत: वजन, लवचिकता, सोलची जाडी, टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, आणि पाय आत-बाहेर कलू नये म्हणून बसवलेले टेकू. यातल्या उंचीच्या फरकाला धावणारी मंडळी ‘ड्रॉप’ म्हणतात. पूर्ण गुण हवे असतील तर सोल ८ मिलिमीटरपेक्षा पातळ आणि ड्रॉप १ मिलिमीटरपेक्षा कमी लागतो. घरच्या घरी बघायचं तर बूट पुढून मागे गुंडाळून पाहावा, मग ओल्या फडक्यासारखा पिळून पाहावा. दोन्ही जमलं तर तो या जातीचा.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पाचही निकषांच्या आधी बघेन. वर्तमानपत्र जमिनीवर पसरायचं, त्यावर अनवाणी उभं राहायचं आणि पेन्सिल उभी धरून पायाची कड काढून घ्यायची. उभं राहूनच, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. तो कागदी पाय कापून बुटातून काढलेल्या आतल्या पट्टीवर ठेवला, की बहुतेकांच्या करंगळीकडची कड आणि अंगठ्याचं टोक पट्टीबाहेर डोकावतं. म्हणजे बूट घातल्यावर तेवढा पाय रोज आत दाबला जातो. सोल पातळ असो की जाड, बोटांना जागा हवीच.

‘अनवाणी धावणारे जिंकतात, म्हणजे बूटच नको’

या दाव्याबरोबर इथिओपियाच्या अबेबे बिकिलाचं नाव हमखास येतं. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, हे खरंच. पण गोष्ट तिथे संपत नाही. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला. अनवाणी धावणं हे त्याचं तत्त्वज्ञान नव्हतं. रोममध्ये पायाला नीट बसणारा बूट मिळाला नाही म्हणून तो तसाच धावला.

आपल्याकडची उदाहरणंही थोडं थांबून बघावीत. सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी अनवाणी धावायची, कारण बूट परवडत नव्हते. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्य मिळवलं. २०१४ मध्ये बारामतीच्या स्पर्धेत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांच्यामागे आजारी नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांची निकड होती. मिलिंद सोमणचं तसं नाही. त्याने अनवाणी धावणं जाणूनबुजून निवडलं. या तिघांना एकाच पोस्टरवर बसवून खाली ‘निसर्गाकडे चला’ लिहिणं मला तरी बरं वाटत नाही. ज्यांचे पाय लहानपणापासून अनवाणी वाढले, त्यांची हाडं आणि स्नायू वर्षानुवर्षं त्यासाठी तयार होत असतात. खांदा कॉलनीतला पस्तिशीचा बँक कर्मचारी ऑनलाइन मागवलेल्या बुटाच्या खोक्यातून ती वर्षं काढू शकत नाही.

‘पातळ सोलने दुखापती टळतात’

या समजाचा उगम शोधणं सोपं आहे. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅकडूगलचं ‘बॉर्न टू रन’ आलं. मेक्सिकोतले रारामुरी आदिवासी टायरच्या रबराच्या वहाणा घालून मैलोन्मैल धावतात, हे त्यातून जगभर पोहोचलं. (टायरची चप्पल आपल्या गावच्या बाजारातही असायची, तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही.) पुढच्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. अनवाणी धावायची सवय असलेले बरेच जण चवड्यावर उतरतात आणि तेव्हा जमिनीवर आदळण्याचा पहिला धक्का जवळपास नाहीसा होतो, असं त्यात दाखवलं होतं. त्या निबंधात धक्का मोजला होता. दुखापती मोजल्याच नव्हत्या. जाहिरातींनी मात्र मधली पायरी गाळून टाकली. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला. २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. चूक कबूल केली नाही, पण पुराव्याशिवाय आरोग्याचे दावे करणार नाही हे मान्य केलं.

जाड सोलवाल्यांनीही यावर खूश व्हायचं कारण नाही. धावण्याच्या बुटांवरच्या प्रयोगांचा कोक्रेन संस्थेने २०२२ मध्ये आढावा घेतला. अमुक प्रकारच्या बुटाने दुखापती कमी होतात, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यात कुठल्याच बाजूला सापडला नाही.

मुद्दा असा की भार कमी होत नाही, जागा बदलतो. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून अंगाच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका जोर परत येतो. जाड टाचेच्या बुटात त्यातला मोठा वाटा गुडघा उचलतो. पातळ सोलमध्ये माणूस पावलं आखूड टाकतो, चवड्याकडे सरकतो, आणि गुडघ्याचं काम पोटरी, टाचेमागची जाड शीर आणि पावलाची लांब हाडं यांच्या गळ्यात पडतं. म्हणून गुडघा कुरकुरणाऱ्या एखाद्याला या बुटाने खरंच बरं वाटतं, आणि त्याच्याच मित्राची पोटरी तिसऱ्या दिवशी दगड होते. दोघंही खोटं बोलत नसतात.

आता हाडांचं. २०१३ मध्ये अमेरिकेत साध्या बुटांत नियमित धावणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाने दहा आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांकडे वळायचं होतं. शेवटी एमआरआय काढला तेव्हा या गटातल्या १९ पैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. हाडावर झेपेल त्याहून जास्त ताण आल्याची ती खूण असते. म्हणजे दहा आठवड्यांना ‘हळूहळू’ म्हणणंही घाईचंच ठरलं. ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात वजनाचा प्रश्न समोर आला. साधारण ७१ किलोच्या वर वजन असलेल्यांना मिनिमलिस्ट बुटांत जास्त दुखापती झाल्या, आणि आठवड्याचं अंतर ३५ किलोमीटरच्या वर गेलं की दुखणं वाढत गेलं. वजन उतरवण्यासाठी धावायला लागलेल्या माणसाला पहिलाच बूट हा देणं म्हणूनच मला पटत नाही.

‘टाचेवर पडणं चूक’ हेही असंच पाठ झालेलं वाक्य. उत्तर केनियातल्या दासानाच लोकांना आयुष्यभर अनवाणी राहायची सवय. २०१३ मध्ये त्यांच्यातल्या ३८ जणांना त्यांच्या सोयीच्या वेगाने धावायला लावलं, तेव्हा ७२ टक्के वेळा ते टाचेवरच उतरले. वेग वाढला तसे चवड्याकडे सरकले. तेव्हा खारघरच्या टेकडीच्या रस्त्यावर कुणी मागून ओरडत असेल, ‘अहो, चवड्यावर पळा, चवड्यावर!’ तर हात हलवून पुढे जावं.

‘डांबर आणि पेव्हर ब्लॉकवर हे चालायचं नाही’

हा आक्षेप पनवेलमध्ये रोज ऐकू येतो. वडाळे तलावाभोवती फेऱ्या मारणाऱ्यांत त्यावरून वादही होतो. नुसत्या कडकपणाची भीती जरा अवास्तव आहे. जमीन कडक असली की पाय आपोआप मऊ पडतो, मऊ असली की ताठ होतो. गुडघा-घोट्याचा हा हिशेब शरीर काही पावलांतच जुळवून घेतं. खरा त्रास दुसराच असतो: उखडलेला ब्लॉक, महामार्गाच्या कडेची सुटी खडी, बाटलीची काच. पातळ सोलमधून ब्लॉकची प्रत्येक फट कळते, आणि हेच अनेकांना आवडतं. पण अंधारात खडीचा एक टोकदार तुकडा चवड्याखाली आला की दोन दिवस लंगडणं ठरलेलं.

पातळ सोल म्हणजे चांगली पकड, हाही गोंधळच. पकड सोलच्या रबरावर आणि त्याच्या नक्षीवर असते, जाडीवर नाही. कर्नाळ्याच्या वाटेवर किंवा कलावंतिणीच्या पायऱ्यांवर श्रावणात शेवाळ धरलेलं असताना गुळगुळीत तळाचा मिनिमलिस्ट बूट आणि गुळगुळीत तळाचा जाड बूट सारखेच घसरतात.

पळणं बाजूला ठेवून रोजच्या वापराकडे आलं, की या बुटांची बाजू बरीच भक्कम होते. चालताना जमिनीकडून येणारा जोर अंगाच्या वजनाहून थोडाच जास्त असतो, त्यामुळे पायाला तयार व्हायला उसंत मिळते. लिव्हरपूल विद्यापीठाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी सहा महिने रोजच्या कामांसाठी असे बूट वापरले. त्यांच्या बोटांची जमीन दाबून धरण्याची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढली, तीही वेगळा व्यायाम न करता. स्टेशनपर्यंत चालणं, बाजार, ऑफिसातली ये-जा एवढ्यावर हे होतं. पनवेल–सीएसएमटी लोकलच्या गर्दीत कुणाचा टणक बूट तुमच्या अंगठ्यावर पडला की मात्र त्या ताकदीचा काही उपयोग नसतो. तळोजा एमआयडीसीत कामाला असाल तर प्रश्नच मिटला; तिथे पोलादी टोपीचा सेफ्टी शूजच हवा.

‘मग आपली कोल्हापुरी म्हणजे मिनिमलिस्टच की!’ अर्धं खरं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी सपाट असते, बोटं मोकळी असतात. पण नवी असताना ती वळत नाही, चावते, आणि टाचेला बांधलेली नसल्याने ती पायात राहावी म्हणून बोटांना तिला धरून ठेवावं लागतं. चालायला ठीक, धावायला नाही. रबरी स्लिपरचंही तेच.

मुलांच्या बाबतीत तर आपल्याकडचाच पुरावा आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही. ‘लहानपणापासून टणक बूट घातला नाही तर तळवे सपाट होतात’ असं अजूनही ऐकू येतं. कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पायाचे ठसे तपासले आणि १९९२ मध्ये निष्कर्ष छापले. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण ८.६ टक्के, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. सगळ्यात जास्त प्रमाण बंद बूट घालणाऱ्यांत होतं, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. शाळेचा काळा बूट शाळेपुरता ठेवून संध्याकाळी मुलाला सोसायटीच्या आवारात अनवाणी सोडायला हरकत नाही.

आता ज्यांनी हे बूट घालूच नयेत त्यांच्याबद्दल, आणि इथे मी जरा थांबणार आहे. पातळ सोलची सगळी भिस्त एका गोष्टीवर असते: तळव्याला कळलं पाहिजे. टोचलं की पाय उचलला जातो, भार सरकतो. तळवाच बधिर असेल तर? पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांना जखमा का होतात, हे कोडं डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला उलगडलं. बोटं रोगाने झडत नव्हती. न जाणवणारा दाब त्याच जागी पुन्हापुन्हा पडून कातडी फाटत होती. त्यातून एमसीआर चप्पल पुढे आली: आत मऊ सूक्ष्मछिद्री रबर, खाली काटा आरपार जाणार नाही असा कडक तळ. मिनिमलिस्ट बुटाचं तत्त्व याच्या नेमकं उलटं आहे. आज हाच बधिरपणा मधुमेहामुळे कितीतरी घरांत आला आहे, आणि तो आलेला अनेकांना माहीतही नसतो. दवाखान्यात नायलॉनचा एक बारीक धागा तळव्याला दहा ग्रॅम दाबाने टेकवतात आणि कळलं का विचारतात. मधुमेह असेल तर बुटाच्या दुकानाआधी ही तपासणी करून घ्यावी. टाचदुखी ऐन भरात असतानाही घरातल्या टणक लादीवर पातळ सोलचा हट्ट नको. पावसाळ्यात रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात जाळीदार पातळ बूट आणि अनवाणी पाय यांत फारसा फरक उरत नाही. पायाला भेग किंवा जखम असेल तर लेप्टोचा धोका दोन्हींत असतो. तिथे गमबूटच हवेत.

ज्यांना हे सगळं ऐकूनही धावायचं आहे, त्यांनी आधी काही महिने नुसतं चालावं. वर्षानुवर्षं उंच टाचा वापरलेल्यांनी आणखी सबुरीने घ्यावं, कारण त्यांच्या पोटरीचे तंतू आखडलेले आणि शीर ताठ झालेली असते. मग नेहमीच्या पळण्याच्या शेवटी काही मिनिटं पातळ बुटांत, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती. पोटरी भरून आली तर ती दोन-तीन दिवसांत उतरते, त्याची चिंता नाही. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच बोटाएवढ्या जागी दाबल्यावर कळ येत असेल तर मात्र पळणं त्याच दिवशी बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. ताणाने आलेली बारीक चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आला’ एवढ्यावर पुन्हा पळायला सुरुवात करू नये. आणि कुशनचे जुने बूट भंगारवाल्याला देऊ नयेत. लांबच्या पल्ल्याच्या रविवारी बरेच अनुभवी धावणारे तेच घालतात.