गायस (रोमन व्यक्तिनाम)

गायस हे प्राचीन रोममधील पुरुषांचे एक व्यक्तिनाम होय. लुसियस आणि मार्कस यांच्याबरोबर ते सर्वाधिक प्रचलित रोमन नावांत गणले जाते. लॅटिनमध्ये त्याचा उच्चार 'गाइउस' असा होत असे. 'गाया' हे त्याचे स्त्रीलिंगी रूप असून ग्रीक भूदेवता गाया हिच्याशी त्याचा संबंध नाही.

नामपद्धतीतील स्थान

प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात प्रतिष्ठित रोमन पुरुषाच्या नावाचे सामान्यतः तीन भाग असत : व्यक्तिनाम, कुलनाम आणि उपनाम. 'गायस ज्यूलियस सीझर' या नावातील गायस हे व्यक्तिनाम आहे. मुलाचे नामकरण जन्मानंतर नवव्या दिवशी होई. प्रचारातील व्यक्तिनामे सुमारे दीड डझनच होती. शिवाय थोरल्या मुलाला पित्याचे नाव देण्याची प्रथा होती. सीझरच्या वडिलांचे पूर्ण नावही गायस ज्यूलियस सीझर असेच होते.

व्युत्पत्ती

प्राचीन लेखकांनी हे नाव 'आनंदित होणे' या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडले आहे. तथापि आधुनिक अभ्यासक ही व्युत्पत्ती ग्राह्य धरत नाहीत. ऑस्कन व फॅलिस्कन या शेजारच्या भाषांतील रूपांवरून नावाचे मूळ रूप 'गावियस' असून पुढे त्यातील 'व'चा लोप झाला, असे मानले जाते.

संक्षेप

शिलालेखांत गायस हे नाव 'जी'ऐवजी 'सी' या एका अक्षराने दर्शविले जाते. एट्रुस्कन भाषेत 'क' आणि 'ग' असा भेद नव्हता. त्या लिपीच्या प्रभावामुळे आरंभीच्या लॅटिनमध्ये दोन्ही ध्वनींसाठी 'सी' हेच अक्षर वापरले जाई. इ.स.पू. तिसऱ्या शतकात 'सी'ला लहान रेघ जोडून 'जी' हे अक्षर तयार झाले. परंतु नावाचा संक्षेप मात्र जुनाच राहिला. यावरूनच पुढे 'कायस' हे लेखन रूढ झाले.

सामान्यनाम म्हणून वापर

अतिप्रचारामुळे गायस हे नाव 'कोणीही एक पुरुष' या अर्थाने योजले जाऊ लागले. पारंपरिक विवाहविधीत वधू, तिचे खरे नाव काहीही असो, स्वतःला गाया आणि वराला गायस म्हणत असे. सिसेरोने इ.स.पू. ६३ मधील एका भाषणात यावरून कायदेपंडितांची थट्टा केली आहे.

उत्तरकाळात बहुसंख्य रोमन स्त्रियांना व्यक्तिनाम नसे. त्यामुळे एखाद्या स्त्रीने दास्यमुक्त केलेल्या व्यक्तीच्या शिलालेखात त्या मालकिणीसाठी उलटा 'सी' कोरला जाई व तो 'गाया' असा वाचला जाई. अशा लेखांतून ती स्त्री कोणत्या कुळातील हे बहुधा कळते. तिचे स्वतःचे नाव कळत नाही.

उल्लेखनीय व्यक्ती

* गायस ग्रॅकस – इ.स.पू. १२३ व १२२ मधील ट्रिब्यून, भूमिसुधारणांचा पुरस्कर्ता
* गायस मारियस – सात वेळा कॉन्सल झालेला सेनानी
* गायस ऑक्टेव्हियस – पुढे सम्राट ऑगस्टस
* सम्राट गायस (इ.स. ३७–४१) – 'कॅलिगुला' या टोपणनावाने अधिक परिचित
* गायस – दुसऱ्या शतकातील कायदेपंडित. त्याचे कुलनाम व उपनाम दोन्ही अज्ञात आहेत. त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या ग्रंथाचे हस्तलिखित १८१६ मध्ये व्हेरोना येथे सापडले.

उत्तरकाळ

साम्राज्यकाळात व्यक्ती ओळखण्यासाठी उपनामच पुरेसे ठरू लागले आणि व्यक्तिनामांचा वापर क्रमाने मागे पडला. तथापि गायस हे नाव टिकून राहिले. इटालियनमध्ये ते 'कायो' या रूपात आजही आढळते. बायबलच्या नव्या करारात या नावाच्या व्यक्तींचे उल्लेख आहेत. मराठी बायबलमध्ये ते 'गायस' असेच लिहिलेले आहे.