बदामाची पाने आणि शोभेचे मासे

न्हावा शेवा परिसरात शोभेचे मासे पाळणाऱ्यांनी देशी बदामाची गळलेली पाने जाळू नयेत. दक्षिण अमेरिकेतील रिओ नेग्रो नदीचे पाणी कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे चहासारखे तांबूस-काळे व आम्लधर्मी असते. कार्डिनल टेट्रा मासा मूळचा तेथीलच. बदामाच्या पानांतील टॅनिनामुळे तसे पाणी घरच्या काचपेटीतही तयार करता येते.

खाडीकाठच्या विहिरींचे खारट पाणी याकामी निरुपयोगी होय. पावसाच्या पहिल्या सरी वाहू द्याव्यात व नंतरचे पाणी साठवावे. त्याच्या ३ भागांत एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी १ भाग मिसळावे. तळाशी नदीची धुतलेली वाळू पसरावी. समुद्राची वाळू वर्ज्य समजावी. तिच्यातील शिंपल्यांचा चुरा आम्लता नाहीशी करतो. उकळलेले वाळके लाकूड आणि दर ५० लिटर पाण्यास एकदोन वाळकी पाने घालावीत. आम्लधर्मी पाण्यात मलशुद्धी मंद गतीने होते. म्हणून आरंभी मासे थोडेच सोडावेत व दर आठवड्यास थोडे पाणी बदलावे.

नकोसे झालेले मासे मात्र गावतळ्यात कदापि सोडू नयेत. परके मासे स्थानिक माशांचे अन्न व अंडी फस्त करू शकतात. एकदा पसरल्यावर त्यांस आवरणे दुरापास्त होते.