शेवाळाला उजेड कळतो

अकरावीच्या प्रात्यक्षिकाला मी दरवर्षी डबक्याच्या हिरवट पाण्याची परीक्षानळी काळ्या कागदात गुंडाळते आणि कागदाला टाचणीने एक भोक पाडते. थोडा वेळ दिव्यासमोर ठेवून कागद सोडवला, की भोकाच्या जागी काचेवर हिरवा ठिपका जमलेला असतो. हे क्लॅमिडोमोनास. एकाच पेशीचं शेवाळ, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं, दोन कशाभिका हलवत उजेडाकडे पोहत आलेलं.

त्याला उजेड कळतो चॅनेलऱ्होडॉप्सिन या प्रथिनामुळे. पेशीच्या आवरणात बसलेलं हे प्रथिन उजेड पडला की दारासारखं उघडतं आणि विद्युतभारित कण आत शिरतात. जर्मनीतल्या पीटर हेगेमान, गेओर्ग नागेल आणि सहकाऱ्यांनी 2002-03 मध्ये हे दाखवलं. आपल्या मज्जापेशीही कण असेच आत आले की संदेश सोडतात. म्हणून 2005 मध्ये स्टॅनफर्डला कार्ल डायसेरॉथ, एड बॉयडन यांनी शेवाळाचं ते जनुक मज्जापेशींत घातलं. निळ्या उजेडाच्या प्रत्येक झोताला पेशी उत्तर देऊ लागली. पुढे जिवंत उंदराच्या मेंदूत बारीक प्रकाशतंतू सोडून हेच केलं गेलं. मेंदूत विजेची तार घातली तर आसपासच्या साऱ्याच पेशी चाळवतात. इथे जनुक असेल तीच जागी होते.

मला त्याहून थक्क करतो 2009 चा प्रयोग. ॲड्रेनलीनसारखी द्रव्यं पेशीच्या दारावरच्या ग्राही प्रथिनाला चिकटतात आणि आत निरोपांची साखळी सुरू होते. डायसेरॉथ यांच्या गटाने बाहेरचा भाग डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनचा आणि आतला ॲड्रेनलीनच्या ग्राहीचा, असं जोडप्रथिन घडवलं. द्रव्याचं काम आता उजेड करू लागला. हे प्रथिन मेंदूत घातलेल्या उंदरांना ज्या कप्प्यात असताना मेंदूत उजेड मिळाला, तिथे ते नंतर जास्त वेळ रमले!

माझ्या दादाला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. आधी रात्रीचं दिसेना, मग कडेचं. या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण त्यांच्यामागच्या बऱ्याच मज्जापेशी जगतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पॅरिसच्या जोसे-आलां साहेल आणि बाझेलच्या बोटोंड रोस्का यांच्या गटाने 58 वर्षांच्या एका अंध गृहस्थांच्या एका डोळ्यातल्या अशाच पेशींत शेवाळापासून घडवलेलं प्रकाश ओळखणारं प्रथिन पोचवलं. दृश्य पिवळट उजेडात बदलणारा खास चष्मा लावून, काही महिन्यांच्या सरावानंतर, त्यांना टेबलावरची वही सापडली, पेले मोजता आले. चेहरे ओळखता आले नाहीत. पण रस्त्यावर फिरताना झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे दिसले.

मी ही बातमी दादाला वाचून दाखवली. पट्ट्यांचं वाक्य त्याने पुन्हा वाचायला लावलं.