तबकडीवर ज्यांचे नाव नाही

रेडिओवर गाणे लागण्यापूर्वी निवेदक काय सांगतो ते आठवून पाहा. गाणारा कोण, गीत कुणाचे, संगीत कुणाचे. ढोलक कुणी वाजवला, बासरी कुणाची, हे सहसा सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही. गाणे आवडले की गाणाऱ्याचे नाव तेवढे तोंडी राहते. पण समजा, पंचवीस-तीस वर्षांनी कुणी येऊन तुम्हांला म्हणाले, ‘‘अहो, ज्यांच्या नावावर तुम्ही ही तबकडी विकत घेतलीत, त्यांनी तीत वाद्याला हातसुद्धा लावलेला नाही!’’ तर तुम्ही काय कराल? फसवणूक झाली म्हणून रागवाल, की गाणे चांगले आहे ना, मग झालं, म्हणाल?

अमेरिकेतल्या ‘बीच बॉईज’ या गायकमंडळींच्या चाहत्यांत हा वाद कित्येक वर्षे रंगलेला आहे. वाद परमुलखातला खरा. पण त्यात श्रेयाचा प्रश्न आहे, कष्टाच्या पैशाचा आहे, आणि जुन्या गोष्टीतले खरेखोटे कसे शोधावे हाही आहे. म्हणून तो तुमच्यापुढे मांडतो.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस शहराजवळ हॉथॉर्न नावाचे गाव आहे. तिथल्या विल्सन कुटुंबात तीन मुलगे होते: ब्रायन, डेनिस आणि कार्ल. त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि ब्रायनचा शाळासोबती अल जार्डिन यांना घेऊन १९६१ साली त्यांनी आपला संच उभा केला. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार व्हावे, मोटारी पळवाव्यात, अशी तरुण पोरांची गाणी. गंमत म्हणजे लाटांवर खरोखर स्वार होणारा त्यांच्यात एकटा डेनिसच! पाच गळे एकत्र मिळवून गाण्याची मात्र त्यांची हातोटी विलक्षण होती. चाली रचणारा मुख्यतः ब्रायन. त्याला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. तरीही कुणाचा सूर कुठे बसवायचा हे त्याला जेवढे कळे तेवढे इतर कुणाला क्वचितच कळत असेल.

संच लोकप्रिय झाला आणि कामाचा रगाडा मागे लागला. १९६३ या एका वर्षात त्यांच्या तीन मोठ्या तबकड्या निघाल्या, १९६४ मध्ये चार. शिवाय गावोगावचे कार्यक्रम होतेच. १९६४ च्या डिसेंबरात कार्यक्रमाला जाताना विमानातच ब्रायनचा धीर सुटला, तो रडू-ओरडू लागला. त्या वेळी तो बावीस वर्षांचा होता. त्यानंतर त्याने ठरवले, दौरे बाकीच्यांनी करावेत. आपण घरी राहून गाणी रचायची आणि मुद्रित करायची. पण भाऊ दौऱ्यावर, मग स्टुडिओत वाजवायचे कुणी?

इथे आपल्या गोष्टीतली दुसरी मंडळी येतात. हॉलिवूडच्या स्टुडिओंतून त्या वेळी रोजावर वाजवणारे पट्टीचे वादक होते. ड्रमवर हॅल ब्लेन किंवा अर्ल पामर, गिटारवर टॉमी टेडेस्को आणि ग्लेन कॅम्पबेल, पियानोवर लॅरी नेक्टल आणि डॉन रँडी, खर्जाच्या गिटारवर रे पोलमन आणि कॅरोल के. ही कॅरोल के मुळात जाझ संगीत वाजवणारी साधी गिटारवादक. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला खर्जाची गिटार वाजवणारा आलाच नाही, म्हणून तिने ती हाती घेतली. पुढे तेच तिचे वाद्य झाले.

या लोकांची कामाची रीत कशी होती? तीन तासांची एक पाळी. वादकांच्या संघाने ठरवून दिलेला दर. पाळी संपली की एक कागद भरायचा: कोण आले, किती वेळ वाजवले, किती रक्कम देणे. सकाळी एका गायकाकडे, दुपारी जाहिरातीसाठी, रात्री ब्रायनकडे. पैसे रोख ठरलेले. तबकडीच्या दहा प्रती खपोत की दहा लाख, वादकाला वरचे काही नाही, आणि वेष्टनावर नावही नाही. त्या काळी यात कुणाला वावगे वाटत नव्हते. सुताराने दार केले, दारावर नाव मात्र घरमालकाचे, तसेच हे.

१९६६ सालच्या मे महिन्यात ‘पेट साउंड्स’ ही तबकडी निघाली. वादाचे मूळ मुख्यतः हिच्यात आहे. वेष्टनावर चित्र काय, तर ही मंडळी सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात शेळ्यांना खाऊ घालीत आहेत. आत मात्र संगीत असे की अमेरिकेत ते त्या मानाने थंडच ठरले, खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकाच्या वर गेले नाही. इंग्लंडात मात्र दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. ‘बीटल्स’पैकी पॉल मॅकार्टनीने तर आपल्या कामामागे तिची प्रेरणा होती असे पुन्हापुन्हा सांगितले आहे.

ती कशी तयार झाली हे शिक्षकबंधूंनी मुलांना पाटीवर काढून दाखवावे. पाटीवर चार उभे रकाने आखा. त्या काळची ध्वनिफीत अशीच होती, एका फितीवर चार स्वतंत्र रकाने. स्टुडिओतल्या वादकांचा मेळ आधी या चार रकान्यांत उतरवून घेत. मग ते चारही एकत्र करून आठ रकाने असलेल्या दुसऱ्या फितीच्या एकाच रकान्यात बसवत. म्हणजे सात रकाने मोकळे राहिले ना? त्यांत, दौऱ्यावरून परतलेल्या भावांचे आवाज भरायचे. एकच माणूस आपल्याच आवाजावर पुन्हा गाऊन तो दुहेरी करी. तेव्हा वाद्ये एका दिवशी, आवाज दुसऱ्या दिवशी, आणि दोघांची गाठभेटसुद्धा न होता गाणे पुरे. ही युक्ती एकदा कळली, की अर्ध्या वादाचे कारण कळते.

वादकांनी केवळ लिहिलेले वाजवले असेही नाही. ‘कॅरोलाइन, नो’ या गाण्याच्या आरंभी ठक्क असा एक पोकळ नाद येतो. तो आहे पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटलीचा, आणि ती बडवणारा हॅल ब्लेन. आपल्याकडे दक्षिणेत घट वाजवतात, त्याचा हा दूरचा भाऊच म्हणा ना! हेच गाणे आधी छोट्या तबकडीवर निघाले, तेव्हा तिच्यावर नाव छापले होते एकट्या ब्रायन विल्सनचे.

आता वादाकडे वळू. १९९० साली हॅल ब्लेनने आठवणींचे पुस्तक लिहिले आणि या वादकमंडळींना ‘रेकिंग क्रू’, म्हणजे ‘मोडतोड करणारी टोळी’, या नावाने लोकांपुढे आणले. कोटटाय घालून येणारे जुने वादक म्हणत, की जीनची तुमान घालून येणारी ही पोरे धंद्याची मोडतोड करणार; त्यावरून हे नाव, असे तो सांगे. (कॅरोल के म्हणते, त्या काळी असे नाव आम्ही कधी ऐकलेच नाही!) पुढे टॉमी टेडेस्कोच्या मुलाने या मंडळींवर माहितीपट काढला. तो २००८ साली प्रथम दाखवला गेला, पण सर्वत्र प्रदर्शित व्हायला २०१५ उजाडले, कारण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे उभे करायला इतकी वर्षे लागली.

झाले! चाहत्यांत दोन तट पडले. एक तट म्हणू लागला, ‘बीच बॉईज’ म्हणजे नुसते मुखवटे; सारे काम रोजावरच्या वादकांचे. दुसरा म्हणू लागला, पैसे घेऊन सांगितले ते वाजवणाऱ्यांचे कसले आले श्रेय? पहिल्या तटाला ‘मंकीज’ या संचाचा दाखला मिळे. दूरचित्रवाणीच्या मालिकेसाठी जमवलेल्या त्या चौघांना आरंभीच्या तबकड्यांवर बहुतांशी वाजवूच दिले नव्हते. त्यांनी बंड केले आणि १९६७ साली एक आख्खी तबकडी मुख्यतः स्वतः वाजवून दाखवली. मग ‘बीच बॉईज’ही तसलेच, असा तर्क लोकांनी चालवला.

तर्काने भांडण वाढते, मिटत नाही. मिटवायला पुरावा लागतो. सुदैवाने इथे दोन तऱ्हेचा पुरावा शिल्लक होता. एक ते पाळीचे कागद, आणि दुसऱ्या स्टुडिओतल्या मूळ फिती. १९९७ साली ‘पेट साउंड्स’च्या फितींचा मोठा संच प्रसिद्ध झाला. त्यात वाद्ये वेगळी, आवाज वेगळे, आणि मधले बोलणेसुद्धा ऐकता येते. ऐकणाऱ्याला काय दिसते? तेवीस वर्षांचा ब्रायन आपल्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने थोर वादकांना थांबवतो आहे, कुणी किती दाबून वाजवायचे ते सांगतो आहे, पुन्हा पहिल्यापासून घ्या म्हणतो आहे. खर्जाच्या गिटारचे सूर तोच लिहून आणी, असे कॅरोल केनेही सांगितले आहे. आणि त्याच फितींत हेही ऐकू येते, की ‘गॉड ओन्ली नोज’च्या मधल्या तुकड्याचे जमत नाही, तेव्हा एक वादक सुचवतो, सूर लांबवू नका, तोडून-तोडून वाजवा, आणि ब्रायन ती सूचना तिथल्या तिथे उचलतो. गाणे तिथून उभे राहते. आता सांगा, तो तुकडा कुणाचा?

कागदांनीही दोन्ही तटांची पंचाईत केली. आरंभीच्या तबकड्यांवर वाद्ये बहुतेक याच मुलांनी वाजवली होती. डेनिसचे ड्रम आणि कार्लची गिटार. रोजावरच्या वादकांचा मोठा भरणा १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांतला. ‘पेट साउंड्स’मध्येदेखील ‘दॅट्स नॉट मी’ या गाण्याचे ड्रम डेनिसनेच वाजवलेले आहेत. १९६७ पासून मंडळी पुन्हा बरेचसे स्वतः वाजवू लागली. म्हणजे ‘सारे त्यांनीच वाजवले’ हे जसे खोटे, तसेच ‘काहीच वाजवले नाही’ हेही खोटे.

एक सावधगिरी मात्र हवी. कागद सांगतो, त्या दिवशी पैसे कुणाला मिळाले. त्या दिवशीचे वाजवणे तबकडीत राहिले की कापून टाकले, हे कागद सांगत नाही. ‘गुड व्हायब्रेशन्स’ हे गाणे तर १९६६ मध्ये कित्येक महिने, चार स्टुडिओंत, तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाले आणि मग कात्रीने जोडले. त्यातला खर्जाचा कोणता तुकडा कुणाचा, यावर चाहते अजून हमरीतुमरीवर येतात. माणसाची आठवणही अशीच. हजारो पाळ्या वाजवलेल्या वादकाला पन्नास वर्षांनी प्रत्येक पाळी आठवावी ही अपेक्षाच मुळी जास्तीची आहे. आठवण चुकली म्हणून तो लबाड ठरत नाही.

हे सारे केवळ हौशी भांडण आहे असे समजू नका. जुने ध्वनिमुद्रण पुढे चित्रपटात किंवा जाहिरातीत वापरले, तर संघाच्या नियमाने मूळ वादकांना नव्याने मोबदला द्यावा लागतो. पण तो कुणाला? ज्याचे नाव कागदावर, त्याला. म्हातारपणी एखाद्याच्या घरात चार पैसे येणार की नाही, हे तरुणपणी कुणीतरी घाईत भरलेल्या कागदावर अवलंबून. आणि नावाचे भांडण खुद्द संचातही होतेच. माइक लव्हने आतेभाऊपण बाजूला ठेवून ब्रायनवर दावा लावला, आणि १९९४ साली ३५ गाण्यांवर सहकवी म्हणून आपले नाव मिळवले.

आपल्याकडे मुंबईच्या हिंदी चित्रपटांत काय होते? तिथे गोव्याचे वादक होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले असल्यामुळे त्यांना कागदावरचे सूर पाहताक्षणी वाजवता येत, आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिताही येत. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. ते नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? अँथनी गोन्साल्विस हे नाव मात्र पोरासोरांना पाठ आहे, कारण १९७७ सालच्या एका गाण्यात नायक ते आपले म्हणून सांगतो. ते खऱ्या व्हायोलिनवादकाचे नाव. त्या गाण्याच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. नाव गाजले खरे, पण माणूस कोण हे फार थोड्यांना ठाऊक.

हॅल ब्लेनने नावावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्याने एक रबरी शिक्का करून घेतला: ‘हॅल ब्लेनने पुन्हा ठोकले!’ वाजवून झाले की सुरांच्या कागदावर आणि स्टुडिओच्या भिंतीवरसुद्धा तो शिक्का मारून मोकळा. अमेरिकेत वर्षाच्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पारितोषिक देतात. १९६६ ते १९७१ अशी सलग सहा वर्षे ते ज्या गाण्यांना मिळाले, त्या सहाही गाण्यांत ड्रमवर हाच गृहस्थ होता. कलावंत मात्र नेहमी तेच नव्हते. २००० साली अमेरिकेच्या रॉक संगीताच्या कीर्तिमंदिराने साथीदारांसाठी निराळा मान सुरू केला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्याला घेतले. २०१९ साली तो वारला. ब्रायन विल्सन २०२५ च्या जूनमध्ये गेला.

त्याच वर्षी त्याच कीर्तिमंदिराने कॅरोल केचे नाव जाहीर केले. वयाच्या नव्वदीत तिने तो मान नाकारला. तिचे म्हणणे असे, की स्टुडिओतले काम सगळ्यांनी मिळून केलेले असते, त्यात एकट्याला वेगळे काढून मान देणे या कामाला धरून नाही. आणि ते ‘मोडतोड करणाऱ्या टोळीचे’ नाव आपल्याला चिकटवू नका, हेही तिने पुन्हा एकदा बजावले.